हल्लू घे, वैजू

काका,

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. कालपासून मी पुन्हा उडायला लागले आहे. सकाळी बेगमपेट विमानतळावरून निघताना टॉवरमधल्या कंट्रोलरने नेहमीच्या सूचना दिल्या आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, मुद्गलकर साब का सुना. बहुत अफसोस हुआ." मी फक्त "थँक यू" म्हटलं. त्या वायरलेसवर आणखी चार विमानं आपापल्या पाळीची वाट बघत होती. तिथे ह्याहून जास्त बोललेलं तुम्हाला आवडलं नसतं.

विमानात मी तुम्हाला सर म्हणायचे आणि जमिनीवर काका. ही वाटणी तुम्हीच करून दिली होती. आज जमिनीवरून लिहिते आहे, म्हणून काका.

आपली पहिली भेट लोकांना सांगताना मी नेहमी थोडी गाळून सांगत आले. आज सगळी सांगते.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. खासगी विमान कंपन्या येणार, अशी नुसती बोलणी चालू होती. तुम्ही सरकारी कंपनीत कॅप्टन होतात आणि मी बेगमपेटच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकत होते. बाबा जामबागेतल्या शाळेत गणित शिकवायचे. चिक्कडपल्लीतल्या आमच्या गल्लीत मास्तरांची मुलगी विमान चालवते ह्याचं कौतुक कमी आणि काळजी जास्त होती. त्या दिवशी मी दोन माणसांच्या विमानात एकटीच होते. टॉवरने मला स्वच्छ सांगितलं होतं, हुसेनसागरच्या पश्चिमेलाच राहा, तळं ओलांडू नको, मोठं विमान उतरायला येतंय. मी "रॉजर" म्हटलं. आणि तळं ओलांडलं.

मला आमची गच्ची वरून बघायची होती. एवढंच कारण. गच्ची दिसली. आई दोरीवर चादर टाकत होती. मी एक गिरकी घेतली, मग दुसरी. दुसऱ्या गिरकीतून मान वर केली तेव्हा समोर एक ठिपका होता. जो ठिपका काचेवर इकडेतिकडे सरकत नाही, नुसता मोठा होत जातो, तो आपल्यावरच येत असतो, हे तुम्ही मला नंतर शिकवलंत. तेव्हा मी नुसती बघत राहिले. हात दांड्यावर होता आणि मी काहीही केलं नाही. केलं ते तुम्ही. तुमचं विमान तुमच्या उजव्या अंगाला कललं, नाक वर झालं, आणि त्याचं पोट, चाकं, पंखाखालचे पत्रे असं सगळं माझ्या डाव्या बाजूने निघून गेलं. त्याच्यामागून आलेल्या हवेने माझं विमान असं झटकलं, की माझी पेन्सिल उडून पायाशी पडली. ती उचलायचीही हिंमत झाली नाही.

मी उतरले आणि क्लबच्या बाकावर बसून राहिले. अर्ध्या तासाने तुम्ही चालत आलात, टोपी काखेत धरून. तुमच्या विमानातले प्रवासी एव्हाना घरी जेवायला बसले असतील. त्यांना एवढंच कळलं असेल, की विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं आणि दहा मिनिटं उशीर झाला.

"मास्तरांची मुलगी का तू?" तुम्ही विचारलंत. क्लबात कुणीतरी सांगितलं असणार.

"हो सर."

"काय बघत होतीस खाली?"

"धूर होता सर. खाली नीट दिसत नव्हतं."

"हौ? मला तर मक्का मशिदीचे मिनार दिसत होते."

मी रडायला लागले. तुम्ही थांबलात. रुमाल दिला नाहीत की पाठीवर हात ठेवला नाहीत. रडणं संपल्यावर मी गच्चीचं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "दिसली का आई?"

"हो."

"आता हे जे मला सांगितलंस ते लिहून दे. तसंच्या तसं. धुराचं नक्को लिहू."

मी लिहिलं. तीन महिने मला उडायला बंदी झाली. त्या तीन महिन्यांत मी तुमचा किती राग केला हे तुम्हाला कधी कळलं नाही. आईला तर मी म्हणत होते, ह्या माणसाने मला वाचवलं कशाला?

दुसऱ्या आठवड्यात तुम्ही आमच्या घरी आलात. बाबांना म्हणालात, "गुरुजी, पोरगी खरं लिहिते. विमान चालवणं आम्ही शिकवू. रविवारी पाठवून देत जा." तुमचं घर नामपल्लीला, स्टेशनाच्या मागच्या गल्लीत. पुढच्या व्हरांड्यात दोन वेताच्या खुर्च्या असायच्या. तुम्ही उर्दू शाळेत शिकलेले, घरात पिढ्यान् पिढ्या वकील. त्यामुळे विमानाचा धडाही कोर्टात युक्तिवाद करावा तसा द्यायचात. आतून सुमनकाकू खिचडी आणि चिंचेचा पातळ खट्टा पाठवायच्या आणि ओरडायच्या, "पोरीला खाऊ द्या आधी!"

तिथेच मी गतीचा हिशेब शिकले. दहा हजार फुटांच्या खाली आलं की अडीचशे नॉटच्या वर जायचं नाही. विमानतळाजवळ आल्यावर आणखी कमी. हे पुस्तकात होतंच. पुस्तकात नव्हतं ते तुम्ही त्या पहिल्या रविवारी सांगितलंत.

"अडीचशे नॉट म्हणजे मिनिटाला चार मैल. एकशे ऐंशी म्हणजे तीन. माझ्या आधी जो उतरला तो तळ्याच्या जवळपर्यंत अडीचशेने आला होता. त्यात काही गैर नाही, नियमात बसतं. मी अगोदरच एकशे ऐंशीवर आलो होतो. तो चौथा मैल माझ्याजवळ शिल्लक होता. म्हणून तू इथं बसून खट्टा पिऊन रायलीस."

मी वाटी खाली ठेवली. काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "असं बोलतात का लेकराशी?" तुम्ही म्हणालात, "लेकराशी नाही, पायलटशी बोलतोय."

मला पहिल्यांदा कुणीतरी पायलट म्हटलं ते हे.

मग दिवस भराभर बदलले. आभाळ खुलं झालं म्हणायचे सगळे. खासगी कंपन्या आल्या, नवे रंग, नवे गणवेश, प्रवाशांना गरम ओले रुमाल आणि गोळ्या. बेगमपेटला दिवसभरात जेवढी विमानं यायची तेवढी आता सकाळीच यायला लागली. तुम्ही सरकारी नोकरी सोडून एका नव्या कंपनीत आलात. सगळ्यांना वाटलं, जास्त पगारासाठी. तुम्ही मला म्हणाला होतात, "तिथं सगळी नवी पोरं आहेत. त्यांच्याजवळ कुणी म्हातारं पाहिजे." दीड वर्षाने मी त्याच कंपनीत को-पायलट म्हणून लागले आणि तुमच्या उजव्या हाताला बसायला लागले.

काका, ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली होती. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही दहा हजार फुटांच्या थोडं वरच विमान सपाट करायचात, गती उतरू द्यायचात आणि मगच खाली यायचात. माझा हात जड पडला की "हल्लू घे, वैजू" एवढंच. दख्खनीतला तो शब्द आमच्या घरीही होता, पण आई तो दूध ओतताना वापरायची. उतरल्यावर तुम्ही माझ्या चुका सांगायचात त्या शिडी उतरेपर्यंतच. जमिनीला पाय लागला की विषय बंद. "आता काका," म्हणायचात आणि बाबांच्या दम्याची चौकशी करायचात.

पण कंपनीच्या ऑफिसात भिंतीवर एक तक्ता लागला होता. कोणतं विमान किती मिनिटं उशिरा पोचलं आणि कॅप्टन कोण. मुंबईहून आलेले एक तरुण व्यवस्थापक रोज सकाळी तो लिहायचे. तुमच्या नावापुढे तीन मिनिटं, चार मिनिटं, पुन्हा तीन. तुम्हाला दोनदा बोलावून विचारलं गेलं. तुम्ही परत येऊन म्हणालात, "साहेब विचारत होते, कायकू इतकं हल्लू येता? मी म्हटलं, पोचायचं असतं म्हणून." आम्ही सगळे हसलो. पण मला भीती वाटायला लागली होती. माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती आणि माझंही नाव त्याच ओळीत, तुमच्या नावाखाली, लिहिलं जात होतं.

आणि मग ती संध्याकाळ. आपण मुंबईहून येत होतो. उजेड होता, आभाळ धुतल्यासारखं. विमान माझ्या हातात होतं. पंधरा मिनिटं उशीर आधीच झाला होता. कंट्रोलर म्हणाला, गतीचं बंधन नाही, लवकर या, तुमच्यामागे दुसरं विमान आहे. मी नऊ हजारांवर तीनशे नॉट ठेवले.

"हल्लू घे," तुम्ही म्हणालात.

"सर, त्यांनी मोकळीक दिली आहे."

"मोकळीक दिली आहे. हुकूम नाही दिला. खाली दुंडीगलच्या हवाई तळावरची शिकाऊ पोरं आहेत, हकीमपेटची आहेत, आपल्या क्लबची आहेत. अडीचशेवर ये."

"समोर स्वच्छ दिसतंय सर. कुणीही नाहीये."

"वैजू."

आणि मी म्हणाले, "तुमचं उडून झालंय सर. मला अजून उडायचंय."

तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. दोन्ही हात दांड्यावर ठेवलेत आणि म्हणालात, "माझ्याकडे दे." मी हात काढून घेतले. तुम्ही गती उतरवलीत. मागच्या विमानाला कंट्रोलरने एक फेरी मारायला लावली आणि त्याचा कॅप्टन वायरलेसवर कुरकुरला. आपण उतरलो. वाटेत कुणीही आलं नाही. शिकाऊ विमान नाही, घार नाही, ढगसुद्धा नाही.

शिडीवर मीच विषय काढला. "बघा सर, काहीच नव्हतं."

"नव्हतं," तुम्ही म्हणालात. "बहुतेक वेळा नसतंच."

जमिनीला पाय लागला. त्या दिवशी तुम्ही बाबांच्या दम्याचं विचारलं नाहीत.

तो वाद तिथेच राहिला. खरं सांगू? मी अजूनही तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. कंट्रोलर सगळं बघून मोकळीक देतो, त्याच्यावरही विश्वास ठेवावा लागतो. मागच्याला फेरी मारायला लावणं हाही एक धोकाच आहे. तुमच्या हट्टामुळे गर्दीत कधी कधी गुंता वाढायचा. हे सगळं मी मांडलं असतं तर तुम्ही वकिलाच्या नातवासारखे मुद्द्यामागून मुद्दा खोडत गेला असतात. कदाचित एखादा मान्यही केला असतात. मी मांडलं नाही. मी दुसरंच काही केलं.

चार दिवसांनी व्यवस्थापकांनी मला बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, "मुद्गलकरांच्या उशिराबद्दल कुणाची तक्रार नकोय आम्हाला, फक्त माहिती हवी आहे. तुम्ही त्यांच्याबरोबर सगळ्यात जास्त उडता. जे होतं ते लिहून द्या." मी लिहिलं. कोणत्या फेरीत कंट्रोलरने मोकळीक दिली होती आणि तुम्ही ती घेतली नाही, कुठे मागच्या विमानाला थांबावं लागलं. एकही शब्द खोटा नव्हता. ह्याच गोष्टीचा आधार मी पुढे किती वर्षं घेतला! एकही शब्द खोटा नव्हता. पण तुम्ही हे का करता, ते मी लिहिलं नाही. ते माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत होतं? ज्या गतीमुळे मी एकोणीसच्या पुढे जगले, तिच्याविरुद्ध मी दीड पान लिहून दिलं आणि खाली सही केली. जाता जाता मी म्हणाले, "शक्य असेल तर मला दुसऱ्या कॅप्टनबरोबर लावा."

पुढच्या महिन्यापासून तुमचं नाव उड्डाणांच्या यादीतून गेलं. तुम्हाला नव्या पोरांना शिकवायला वर्गात बसवलं. साठी पूर्ण व्हायला आठ महिने होते. साठीला लायसन्स संपतं, त्यामुळे त्या आठ महिन्यांनंतर तुम्हाला पुन्हा कधीच उडता येणार नव्हतं. निरोपाचं शेवटचं उड्डाण असतं ना कॅप्टनचं, बायकोमुलं मागे बसतात, उतरल्यावर सगळे टाळ्या वाजवतात, ते तुमचं झालंच नाही. सुमनकाकूंनी त्यासाठी पैठणी काढून ठेवली होती, असं मला पुढे कुणीतरी सांगितलं. माझी नोकरी पक्की झाली. आणि वर्षभरात ती कंपनीच बंद पडली. विमानं भाड्याची होती, ज्यांची होती ते घेऊन गेले. तो तक्ता भिंतीवर तसाच राहिला असेल. तीन मिनिटं, चार मिनिटं, पुन्हा तीन.

तुम्हाला त्या कागदाचं माहीत नाही, असं मी धरून चालले. मी दुसऱ्या कंपनीत गेले. दिवाळीला नामपल्लीला यायचे, पाया पडायचे, फराळ करून निघायचे. खुर्च्या त्याच होत्या. तुम्ही विचारायचात, गर्दी किती वाढली, कंट्रोलर कोण नवीन आलेत. बाबा गेले तेव्हा तुम्ही स्मशानात शेवटपर्यंत थांबलात आणि मला घरापर्यंत सोडलंत. मी कॅप्टन झाले तेव्हा पहिला फोन तुम्हाला केला. तुम्ही म्हणालात, "आता तुझ्या उजव्या हाताला जो बसेल त्याचं ऐकत जा." मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल, त्याला शिकव.

शेवटचं भेटले ते दवाखान्यात. दुपारची वेळ होती. नाकात नळी होती आणि तुम्ही दोन शब्दांनंतर थांबत होतात. मी ठरवून आले होते, आज सांगायचंच. काकू चहा घ्यायला खाली गेल्या. तुम्ही विचारलंत, "आज कोणत्या बाजूने उतरवत आहेत?" मी म्हटलं, "पूर्वेकडून, तळ्यावरून." तुम्ही मान हलवलीत. मग म्हणालात, "अजून काय?"

मी म्हटलं, "वारा पडलाय. ऊन फार आहे."

तुम्ही थोडा वेळ डोळे मिटलेत. पुन्हा म्हणालात, "अजून काय, वैजू?"

"काही नाही काका," मी म्हटलं. "तुम्ही बोलू नका. त्रास होतो."

काकू चहा घेऊन आल्या. मी पेला हातात धरून दहा मिनिटं बसले आणि निघाले. पाचव्या दिवशी फोन आला.

तेराव्याला मंडळी पांगल्यावर मी काकूंबरोबर भांडी आवरत होते. आणि मला राहवलं नाही. ओट्यापाशी उभी राहून मी सगळं सांगून टाकलं. तो कागद, ती सही, दुसऱ्या कॅप्टनबरोबर लावा म्हटलं ते. काकूंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"मला माहीत आहे गं," त्या म्हणाल्या. "ह्यांना दाखवला होता तो कागद. बोलावून, समोर ठेवून."

"मग? काय म्हणाले?"

"संध्याकाळी घरी आले. म्हणाले, 'वैजूने लिहून दिलंय. बरोबर लिहिलंय पोरीने, एक शब्द इकडचा तिकडे नाही.' मी म्हटलं, रागावलात का? तर नाही म्हणाले. म्हणाले, 'तिचं चुकलं नाही. फक्त आधी मला सांगायला पाहिजे होतं.'" काकूंनी पदराने हात पुसले. "पण जेवले नाहीत त्या दिवशी. ताट वाढलं होतं, तसंच उचललं मी."

एवढी वर्षं तुम्हाला माहीत होतं. दिवाळीला मी पाया पडताना माहीत होतं, स्मशानात माझ्याशेजारी उभे होतात तेव्हा माहीत होतं. दवाखान्यात तुम्ही दोनदा विचारलंत.

काका, मी तो कागद लिहिला. तुम्हाला न सांगता लिहिला. माझी नोकरी जाईल म्हणून घाबरले होते, आणि तुम्ही विमान माझ्या हातातून काढून घेतलंत ह्याचा रागही होता. त्या कागदाने तुमचे आठ महिने गेले. हे मी आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. माझं चुकलं.

तुमची,
वैजू